गर्दीच्या आडून

१९९० साल. पुण्याच्या चतुःशृंगीच्या देवळात एक तरुण बाई पर्स चोरताना पकडली गेली. तिच्यासोबत तिचं स्वतःचं लहान मूल होतं. भोवती माणसं जमली, आवाज चढले. बाईने मूल पुढे केलं आणि आपल्यासारखी लेकुरवाळी चोरी कशी करेल, असा कांगावा केला. जमलेल्यांचा राग विरघळला. कुणी पोलिसांत नेलं नाही, कुणी नावगावही विचारलं नाही. बाई मुलाला घेऊन गर्दीतून निघून गेली.

तिचं नाव रेणुका शिंदे. कोल्हापूरच्या न्यायालयात पुढे जो खटला उभा राहिला, त्यात तिची ही सुटका कटाचं मूळ म्हणून नोंदली गेली. रेणुका, तिची आई अंजनाबाई गावित, सावत्र बहीण सीमा गावित आणि नवरा किरण शिंदे या चौघांनी त्या दिवसातून एक धडा घेतला. मूल जवळ असलं की गर्दी सोडून देते. मग मूल जवळ हवं, आणि ते आपलंच असायची गरज नाही.

गावित मायलेकींविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतकं छापून आलं की त्यांची नावं उच्चारली तरी माणसं शहारतात. पण बहुतेक लेखन शेवटापासून सुरू होतं. किती मुलं, किती खून, फाशी कधी. मला सुरुवातीकडे बघायचं आहे. ही टोळी एकाएकी खुनाकडे वळली नाही. अनेक वर्षं ती किरकोळ चोऱ्या करत होती, अधूनमधून पकडली जात होती, सुटत होती, आणि प्रत्येक सुटकेतून काहीतरी शिकत होती. या शिकण्यात आपला, म्हणजे देवळात, जत्रेत, एसटी स्टँडवर गर्दी करणाऱ्या सगळ्यांचा भाग आहे. तो मान्य केल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

अंजनाबाई मूळची नाशिककडची. तरुणपणी एका ट्रकचालकाबरोबर घर सोडून ती पुण्याला आली. रेणुका त्या संबंधातली. तो माणूस मायलेकींना टाकून गेला. पुढे गावित आडनावाच्या एका माजी सैनिकाशी तिने संसार थाटला. सीमा त्याची मुलगी. तोही संसार मोडला आणि त्याने दुसरं लग्न केलं. दोन पुरुषांनी टाकलेली, पदरी दोन मुली असलेली अंजनाबाई चोऱ्यांवर जगू लागली. मुली कळत्या झाल्या तशा त्याही तिच्याबरोबर गर्दीत उतरू लागल्या. पर्स काढायची, गळ्यातली साखळी तोडायची, देवळात दर्शनाला वाकलेल्या बाईची पिशवी हलकी करायची, ही त्यांची शाळा. रेणुकाचं पुण्यात लग्न झालं ते किरण शिंदेशी. तो शिंपीकाम करायचा. काही काळाने तोही या धंद्यात ओढला गेला.

इथवरची कहाणी ऐकून कुणाचं मन द्रवेल. माझंही द्रवतं. पण टाकलेपणातून गुन्हा निघतो, असं सरळ गणित मांडायला मी तयार नाही. कोल्हापूरहून तासाभराच्या अंतरावर निपाणी आहे. तिथल्या तंबाखूच्या वखारींत त्या काळात हजारो बायका धुळीत खोकत काम करत होत्या. त्यांत टाकलेल्या होत्या, विधवा होत्या, देवदासी म्हणून सोडलेल्या होत्या. १९८० च्या सुमारास त्याच बायकांनी संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला. अंजनाबाईचं दुःख त्यांच्याहून वेगळं नव्हतं. तिने जे केलं ते तिचं होतं, आणि तिने मुलींना जे शिकवलं तेही तिचंच होतं. मुलींचं मात्र वेगळं म्हणावं लागेल. चोरी म्हणजे चूक, हे त्यांना सांगणारं माणूस घरात कुणी नव्हतं. १९९० साली रेणुका विशीच्या आसपास होती, सीमा तिच्याहून धाकटी. न्यायालयाने त्यांना त्यांच्या कृत्यांसाठी दोषी धरलं ते योग्यच. तरी त्या कशा घडल्या हे सांगताना आईपासूनच सुरुवात करावी लागते.

गर्दीतली चोरी एकट्याने होत नाही. एकजण धक्का देतो किंवा लक्ष दुसरीकडे वेधतो, दुसऱ्याचा हात चालतो, आणि हातात आलेली वस्तू क्षणात तिसऱ्याकडे जाते. पकडला गेला तरी मुद्देमाल सापडत नाही. मायलेकींची ही जोडणी घरातल्या घरात जमलेली, त्यामुळे वाटणीची भांडणं नाहीत आणि फुटण्याची भीती नाही. शिवाय त्या बाया होत्या. देवळातल्या बायकांच्या रांगेत त्यांच्यावर नजर ठेवायला पुरुष हवालदार कसा उभा राहणार? संशय आला तरी अंगझडती घ्यायला बाई पोलीस हवी, आणि नव्वदच्या दशकात ठाण्यांमध्ये बाई पोलीस मोजक्याच असत. जमावाला चोर सापडला तर चार थपडा बसतात, पण बाईवर हात उगारताना माणूस थांबतो. मुलं-बाळं असलेल्या बाईपुढे तर जास्तच. ही आपल्या समाजातली चांगली सवय आहे. या टोळीने नेमक्या त्याच सवयीचा वापर केला.

कोल्हापूर त्यांच्या वाटेवर येणं अपरिहार्य होतं. अंबाबाईचं देऊळ वर्षाचे बारा महिने गजबजलेलं. मंगळवार-शुक्रवारी गर्दी वाढते, नवरात्रात महाद्वार रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. किरणोत्सवाच्या संध्याकाळी लोक श्वास रोखून गाभाऱ्याकडे बघत असतात. चैत्रात जोतिबाची यात्रा, तिच्या आगेमागे शहरभर गुलालात न्हालेले यात्रेकरू. देवीला आलेली बाई अंगावर दागिने घालून येते, ओटीचं सामान घेऊन येते, आणि दर्शनाच्या घडीला तिचं लक्ष फक्त देवीकडे असतं. रांगेत पुढचा सोलापूरचा, मागचा बेळगावचा. कोण कुठला हे कुणी कुणाला विचारत नाही. काम झालं की देवळापासून मध्यवर्ती बसस्थानक थोड्या अंतरावर, तिथून पुण्याची एसटी. संध्याकाळपर्यंत माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या पोलिसांच्या हद्दीत. त्या काळी एका जिल्ह्यातल्या ठाण्याची माहिती दुसऱ्या जिल्ह्यात पोचायची ती बिनतारी संदेशाने किंवा टपालाने, आणि पर्सचोरीसाठी एवढी तसदी कोण घेणार?

चतुःशृंगीच्या त्या प्रसंगानंतर त्याच वर्षी टोळीने पहिलं मूल उचललं. ते कोल्हापुरातलं. त्याची आई भीक मागून जगणारी होती. मूल अगदी लहान. त्याला पुण्याला नेलं, नवं नाव दिलं, आणि चोरीला जाताना कडेवर घेऊन हिंडवलं.

पुढे टोळी त्या मुलाला घेऊन पुन्हा कोल्हापुरात आली. अंबाबाईच्या देवळाजवळ सीमाने एका भाविकाच्या पर्सला हात घातला आणि ती पकडली गेली. लोक तिच्याभोवती जमले. मूल अंजनाबाईच्या हातात होतं. तिने ते जमिनीवर आपटलं. रक्त आलं, मूल किंचाळलं, आणि गर्दीचं तोंड चोरट्या मुलीकडून रक्ताळलेल्या बाळाकडे वळलं. त्या गोंधळात सीमा सुटली. मायलेकी मुलाला घेऊन तिथून निघाल्या. जखमी मूल रडायचं थांबेना. त्याच्या रडण्याने लोक वळून बघत होते. रात्री बसस्थानकाच्या परिसरात अंजनाबाईने त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटून त्याला ठार केलं आणि प्रेत तिथेच टाकून टोळी निघून गेली.

हा पहिला खून. यापुढचे तपशील मी लिहिणार नाही. ते निकालपत्रांत आहेत आणि ते वाचून कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही. पण या पहिल्या गुन्ह्याजवळ थांबणं गरजेचं आहे, कारण पुढची सहा वर्षं त्यातच सामावली आहेत. देवळात मूल ढाल म्हणून कामी आलं. बसस्थानकावर तेच मूल पकडून देईल अशी भीती वाटली. या दोन्हींच्या मध्ये काही तासांचं अंतर. मूल चालतं तोवर ठेवायचं, आजारी पडलं, रडू लागलं, मोठं होऊन ओळखू लागलं की संपवायचं, ही रीत तिथे पडली. मग तीच रीत पुढे चालू राहिली, आणि नंतरच्या गुन्ह्यांत आईच्या जोडीने दोन्ही मुलींचे हात थेट गुंतले.

कायद्याची पानं चाळताना एक गोष्ट जाणवते. मूल पळवण्यामागे काय हेतू असू शकतात याचा विचार भारतीय दंड संहितेने टप्प्याटप्प्याने केला होता. १८६० च्या मूळ संहितेत कलम ३६९ होतं. दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या अंगावरची चीजवस्तू चोरण्यासाठी त्याला पळवणं, हा त्यातला गुन्हा. एकोणिसाव्या शतकात मुलांच्या कमरेला, मनगटात चांदी असे, म्हणून ते कलम. १९५९ साली दुरुस्ती होऊन कलम ३६३-अ आलं, मुलांना पळवून किंवा लुळंपांगळं करून भीक मागायला लावणाऱ्यांसाठी. १९९३ साली खंडणीसाठी अपहरणाचं कलम ३६४-अ आलं. दागिने, भीक, खंडणी. पोलिसाच्या मनातही मूल हरवल्याची कारणं याच चौकटीत असत. श्रीमंताचं मूल गेलं तर खंडणीचा फोन येईल, गरिबाचं गेलं तर भटकलं असेल, कुणी भिकेला लावलं असेल. पकडलं गेल्यास पुढे करायला पाकीटमाराने मूल चोरावं, हा हेतू कुणाच्या कल्पनेतच नव्हता. त्यामुळे देवळात पकडल्या गेलेल्या बाईच्या कडेवरचं मूल तिचं आहे का, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

१९९० ते १९९६ या काळात टोळीने कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई-ठाण्याच्या बाजूला हिंडत आणखी मुलं उचलली. देवळं, बाजार, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं. न्यायालयात सिद्ध झालेली अपहरणं १३. त्यातली काही मुलं सोडून दिली गेली आणि वाचली. या सहा वर्षांत कुठल्याही एका ठाण्याला संपूर्ण चित्र दिसलं नाही. नाशिकची नोंद नाशिकच्या वहीत, कोल्हापूरचं बेवारस प्रेत कोल्हापूरच्या वहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघणारं कुणी नव्हतं.

टोळी उघडी पडली ती चोरीमुळे नव्हे. अंजनाबाईच्या मनात जुना राग होता. तिला सोडून दुसरं लग्न केलेल्या नवऱ्यावर आणि त्याच्या बायकोवर. १९९५ साली त्या दोघांची मोठी मुलगी नाहीशी झाली. नऊ वर्षांची. तिचं प्रेत उसाच्या शेतात टाकलं गेलं होतं. मायलेकींच्या डोक्यात मग धाकट्या मुलीलाही उचलायचं आलं. पण इथे एक फरक होता. या मुलीच्या आईला आपल्या घराशी वैर कुणाचं आहे हे ठाऊक होतं. तिच्याकडे संशयिताचं नाव होतं, नातं होतं, कारण होतं. तिने फिर्याद दिली आणि १९९६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मायलेकी पकडल्या गेल्या.

पोलीस एका मुलीचा तपास करत होते. घरझडतीत त्यांना लहान मुलांचे कपडे सापडले, वेगवेगळ्या मापांचे, घरातल्या मुलांच्या संख्येशी न जुळणारे. रेणुकाच्या मुलाच्या वाढदिवसाची छायाचित्रंही होती. त्यांत पळवून आणलेलं मूल दिसत होतं. कुणाच्या तरी काळजाचा तुकडा दुसऱ्याच्या वाढदिवसाला नटवून उभा केलेला. किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीतून एकेक घटना, एकेक गाव पुढे आलं. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मरण पावली. जिने हे सारं सुरू केलं तिच्यावर कुठल्याही न्यायालयाचा निकाल लागला नाही.

खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. सरकारी वकील उज्ज्वल निकम. दीडशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले.  २८ जून २००१ रोजी दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली ती कायम केली, खून पाच धरले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी अपील फेटाळलं. कुठल्याही दबावाखाली नव्हे तर अगदी सहजपणे या मुलांना मारलं गेलं, असं त्या निकालात म्हटलं आहे. दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडून फेटाळला गेला तो २०१४ साली. मग पुन्हा उच्च न्यायालय. दयेच्या अर्जावर सरकारी फायली सात वर्षांहून अधिक काळ रेंगाळल्या, हा विलंब सरकारचा, आणि त्यामुळे फाशी देता येणार नाही, असं सांगत १८ जानेवारी २०२२ रोजी शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. त्यावेळी दोघींना तुरुंगात पंचवीस वर्षं झाली होती. सुटकेची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही.

या साऱ्या वर्षांत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली, बाईला फाशी होणार का. वर्तमानपत्रांची पानं त्यावर भरली. फाशीच्या बाजूने आणि विरोधात लिहिणाऱ्यांची मतं मी समजू शकते. पण त्या गदारोळात ज्याच्याबद्दल बोलायला हवं होतं ते बाजूला पडलं. टोळीचं पहिलं सावज एका भीक मागणाऱ्या बाईचं मूल होतं, हे निव्वळ योगायोगाने घडलं असं मला वाटत नाही. रस्त्यावर झोपणाऱ्या बाईच्या मुलाचा फोटो नसतो. त्याचा जन्मदाखला नसतो. ती ठाण्यात गेली तर पत्ता काय सांगणार? रेशनकार्ड कुठून आणणार? आणि ठाण्याच्या पायरीवर तिला उभं तरी कोण करणार? अंजनाबाईला हे माहीत होतं, कारण ती स्वतः त्याच जगाच्या काठावर राहत होती. कुणाचं मूल गेल्यावर गहजब होतो आणि कुणाचं गेल्यावर होत नाही, याचा हिशेब तिला कुणी शिकवावा लागला नाही.

मूल हरवल्याची तक्रार त्या काळी बेपत्तांच्या वहीत लिहिली जाई. ती गुन्ह्याची नोंद नसे, म्हणून तिचा तपासही गुन्ह्यासारखा होत नसे. तपास अधिकारी नेमायचा नाही, पंचनामा नाही, न्यायदंडाधिकाऱ्याला अहवाल नाही. वही भरत जायची. गावित प्रकरण उघडकीला आल्यावरही ही पद्धत बदलली नाही. दहा वर्षांनी, २००६ च्या डिसेंबरात, दिल्लीशेजारच्या निठारी गावात नाल्यातून मुलांचे अवशेष निघाले. त्यांचे आईबाप मजुरी आणि घरकाम करणारे. कित्येक महिने ते ठाण्याचे उंबरठे झिजवत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. देश हादरला, अधिकारी निलंबित झाले. निठारीच्या मूळ खटल्यांचं पुढे जे झालं ते निराळं, पण त्या आईबापांना ठाण्यातून परत पाठवलं गेलं, याविषयी दुमत नाही. कोल्हापूरला १९९६ मध्ये जे कळलं होतं ते दिल्लीने ऐकलं असतं तर निठारीतल्या काही घरांतली मुलं आज तिशीत असती, असं मला राहून राहून वाटतं.

काही गोष्टी उभ्या राहिल्या, त्याही सांगायला हव्यात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १०९८ ही मुलांसाठीची फोनसेवा सुरू झाली ती योगायोगाने १९९६ सालीच. रस्त्यावरचं मूलसुद्धा पैसे न भरता हा क्रमांक लावू शकतं, ही त्यामागची कल्पना, आणि पुढे ती देशभर गेली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदी संगणकाने जोडायचं काम २००९ नंतर हाती घेतलं गेलं. आणि 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला. बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवायची, ते मूल पळवलं गेलं आहे असंच प्रथमदर्शनी धरायचं, आणि प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी एक प्रशिक्षित अधिकारी असलाच पाहिजे. तक्रार करणाऱ्याने पत्ता किंवा कागद दाखवावा, अशी अट त्या आदेशात नाही.